वेज

वेज : गोल्फमधील आखूड पल्ल्याचे, उंच उडून लवकर थांबणारे फटके मारण्याचा क्लब (चेंडू मारण्याची काठी). शब्दाचा अर्थ पाचर. डोके बाजूने पाहिल्यास तळाशी जाड व वर निमुळते दिसते, त्यावरून हे नाव पडले असावे. शाफ्टच्या (दांड्याच्या) तुलनेत मुख (चेंडूला लागणारी बाजू) जितके मागे कललेले, तितका त्याचा लॉफ्ट जास्त. लॉफ्टनुसार पिचिंग (सुमारे ४४°–४८°), गॅप (५०°–५३°), सँड (५४°–५८°) व लॉब (५८°–६४°) असे चार प्रकार मानतात. त्यांच्या सीमा निर्मात्यागणिक सरकतात.

उगम : एकोणिसाव्या शतकात हे काम निब्लिक व रट आयर्न हे क्लब करीत. रट आयर्नचे डोके लहानसे असे आणि तो गाड्यांच्या चाकोरीत अडकलेला चेंडू काढण्यासाठी होता; चाकोरी हा शब्द इथे शब्दशः घ्यायचा. दोन्ही क्लबांची धार पातळ असल्याने मऊ वाळूत ती रुतून बसे.

सँड वेजच्या जनकत्वाबद्दल मतभेद आहेत. सर्वाधिक प्रचलित मत जीन सॅराझेन या अमेरिकन खेळाडूच्या बाजूचे आहे. १९३१च्या अखेरीस किंवा १९३२च्या आरंभी त्याने फ्लॉरिडात निब्लिकच्या तळाला शिशाचा डाग देऊन तळाची मागची कड पुढच्या धारेपेक्षा खाली आणली आणि १९३२ची ब्रिटिश ओपन स्पर्धा इंग्लंडमधील सँडविच गावाजवळील प्रिन्सेस मैदानावर जिंकली. विमान उडताना शेपूट खाली जाते व नाक वर उठते, हे पाहून कल्पना सुचली, असे तो पुढे सांगत असे. स्पर्धेपूर्वी कुणाच्या नजरेस पडू नये म्हणून क्लब पिशवीत उलटा ठेवल्याचेही तोच सांगे. दोन्ही कथांचा आधार मुख्यतः त्याचेच कथन आहे.

दुसऱ्या मतानुसार मान टेक्सासच्या एडविन मॅक्लेनचा. त्याने १९२८ मध्ये रुंद तळाच्या, जड वाळू-क्लबचे पेटंट घेतले होते. अमेरिकन खेळाडू बॉबी जोन्सने १९३०च्या हॉयलेक (इंग्लंड) येथील ब्रिटिश ओपनमध्ये याच धर्तीचा क्लब वापरल्याचे नमूद आहे. मात्र त्या क्लबचे मुख पळीसारखे खोलगट होते. त्यामुळे एकाच फटक्यात चेंडूला दोनदा स्पर्श होण्याची शक्यता राही, आणि १९३१ मध्ये खोलगट मुखावर बंदी आली. रुंद तळ सॅराझेनच्या आधीचा आहे, एवढे यावरून मान्य करावे लागते. सपाट मुख आणि खाली उतरलेली मागची कड यांचा मेळ त्याने घातला, हे मत अधिक ग्राह्य वाटते. आजचा वेज याच मेळातून आला आहे.

गॅप व लॉब वेज पुष्कळ नंतरचे. विसाव्या शतकाच्या मध्यास ५०°च्या आसपास असलेला पिचिंग वेज पल्ला वाढवण्याच्या चढाओढीत ४५°पर्यंत खाली आला. त्यामुळे सँड वेजपर्यंत पडलेले खिंडार गॅप वेजने बुजवले. ६०°चा लॉब वेज अमेरिकन खेळाडू टॉम काइटने १९८०च्या सुमारास व्यावसायिक स्पर्धांत रुळवला. त्यामागे प्रशिक्षक डेव्ह पेल्झचा आग्रह होता.

बाउन्स : पुढची धार व तळाचा सर्वांत खालचा भाग यांना जोडणारी रेषा जमिनीशी जो कोन करते, तो बाउन्स. शाफ्ट उभा धरून क्लब टेकवला की धार किंचित अधांतरी दिसते, ती यामुळे. वखर चालवणाऱ्याला हे वेगळे सांगायला नको : पास (वखराचे पाते) जास्त खाली वळलेली असली तर मातीत घुसते, उताणी झाली तर वरच्यावर घसरते. ४°–६° कमी, ७°–१०° मध्यम व त्यापुढचा जास्त बाउन्स समजतात. केवळ आकड्यावर विसंबू नये. अरुंद तळाचा १०°चा क्लब रुंद तळाच्या ८°च्या क्लबपेक्षा अधिक रुतू शकतो. लॉफ्ट १° ने कमी करून घेतला की बाउन्सही १° ने घटतो, हे दुकानात सहसा सांगितले जात नाही.

विदर्भातील जमीन : विदर्भात हा खेळ प्रामुख्याने नागपूर-कामठीच्या छावणी परिसराशी निगडित राहिला. खेड्यांत सराव होतो तो पडीत वावरात किंवा पीक निघालेल्या रानात. वैनगंगा खोऱ्यातील कन्हार, मोरांड, सिहार, खरडी, बरडी ही जमिनींची जुनी वर्गवारी बाउन्स ठरवताना चांगली उपयोगी पडते, जरी ती करणाऱ्यांच्या हे ध्यानीमनी नसावे.

कन्हार म्हणजे भारी काळी माती. पाण्याने फुगते, वाळली की आक्रसून भेगाळते. श्रावण-भाद्रपदात तिच्यावर कमी बाउन्सचा क्लब चेंडूमागे रुततो, हातभर ढेकूळ निघते आणि चेंडू तिथल्या तिथे राहतो. अशा वेळी १०°–१४° बाउन्स व रुंद तळ हवा. तीच जमीन मार्चपासून दगडासारखी होते. मग जास्त बाउन्सचा तळ आपटून उसळतो, धार चेंडूच्या कमरेला लागते आणि चेंडू जमिनीलगत सुसाट ग्रीनपल्याड (खळग्याभोवतीच्या बारीक कातरलेल्या हिरवळीपलीकडे) जातो. उन्हाळ्यात म्हणून ४°–८° बरा. एकाच वेजवर वर्ष काढायचे असल्यास ८°–१०° बाउन्सचा, मागची कड घासून उतरवलेला क्लब घ्यावा. चुनखडीचे खडे असलेल्या मोरांडीत हाच चालतो. सिहार रेतीमिश्रित असल्याने थोडा जास्त बाउन्स सोसतो. उथळ, मुरमाड खरडी-बरडीवर कमी बाउन्सच लागतो. मुरमाने मुखाला टवके पडतात, तिथे जुना वेज वापरावा.

भेगेत गेलेल्या चेंडूला आपोआप सवलत नसते. समितीने ती जागा दुरुस्तीखालील जमीन म्हणून जाहीर केलेली असली तरच विनादंड चेंडू टाकता येतो. नाहीतर चेंडू आहे तसा खेळावा किंवा एक दंडफटका घ्यावा. रानडुकराने उकरलेला खड्डा मात्र प्राण्याचे बीळ या व्याख्येत बसतो.

निवड : आधी आपल्या पिचिंग वेजचा खरा लॉफ्ट मोजून घ्यावा, तळावरचे अक्षर तो सांगत नाही. तेथून ४°–६°च्या टप्प्याने पुढे जावे. ४४° असल्यास ५०° व ५६° पुरतात. नवशिक्याने ६०°च्या वाटेला जाऊ नये. त्यात किंचित चूकही चेंडूखालून क्लब नेते. १४ क्लबांची मर्यादा असल्याने चौथा वेज घेतला की एखादा लांब पल्ल्याचा क्लब सोडावा लागतो. पल्ला जोखण्यासाठी प्रत्येक वेजने १० चेंडू मारून सर्वांत लांबचा व जवळचा वगळून सरासरी काढावी. ९० सेंमी अंतरावर लावलेल्या पऱ्हाटीची धसकटे वावरात उभी असतील तर टेप लागत नाही : ११ तासे (ओळी) ओलांडली की जवळजवळ १० मी. होतात.

फटका : साध्या चिपसाठी (ग्रीनजवळून मारलेल्या आखूड, ठेंगण्या फटक्यासाठी) पाय जवळ, वजन निम्म्याहून थोडे अधिक पुढच्या पायावर, चेंडू मध्यावर किंवा किंचित मागे. हात फार पुढे ढकलले की बाउन्स नाहीसा होतो व धार खणते. सर्वाधिक चुका इथेच होतात. टणक जमिनीवर ५६°ने उंच उडवण्यापेक्षा पिचिंग वेजने वा ८ नंबरच्या लोखंडी क्लबने चेंडू लवकर टेकवून घरंगळत नेणे श्रेयस्कर. ग्रीनऐवजी केलेल्या, तेल मिसळून दाबलेल्या वाळूच्या जुन्या ‘ब्राउन’वरही हाच मार्ग.

बंकरमध्ये (वाळूच्या खड्ड्यात) मुख आधी उघडावे, म्हणजे आणखी मागे कलवावे, मग मूठ धरावी. क्रम उलटा झाला की फटक्याच्या वेळी मुख परत बंद होते. चेंडू पुढच्या टाचेच्या रेषेत ठेवून सुमारे ५ सेंमी मागे वाळूत शिरावे आणि हात न थांबवता पुढे न्यावे. वाळूत थांबलेला क्लब चेंडू बाहेर काढत नाही. गोलसर कणांची नदीची वाळू घट्ट बसत नाही, चेंडू अर्धा बुडतो. तेव्हा मुख उघडे न ठेवता सरळ करावे, म्हणजे धार खोल जाते. फटक्यापूर्वी चेंडूच्या लगत पुढे-मागे किंवा सरावाच्या झोक्यात क्लब वाळूला लागला तर दंड बसतो.

निगा : मुखावरील खाचा चेंडू व मुख यांमधले पाणी, गवताचा रस निघून जाण्यासाठी असतात. त्यांची रुंदी ०.९ मिमी. व खोली ०.५ मिमी.च्या आसपास मर्यादित आहे. २०१०पासून प्रमुख व्यावसायिक स्पर्धांत कडांच्या धारदारपणावरही निर्बंध आहे. काळी माती खाचेत वाळली की सिमेंटासारखी धरते. तारेच्या ब्रशने खरवडू नये. डोके दहा मिनिटे कोमट पाण्यात ठेवून नायलॉनच्या ब्रशने घासावे. क्रोमचा थर नसलेल्या वेजला पावसाळ्यात तेलाचा हात फिरवावा. तांबूस गंज खेळाला बाधत नाही, खड्डे पडू लागले की बाधतो.