तिसऱ्या जोडीतली पातळ तार

एक मित्र दोन वर्षांसाठी परदेशी गेला आणि जाताना त्याची बारा तारांची गिटार माझ्याकडे ठेवून गेला. "नुसती भिंतीला टांगू नकोस, वाजवत राहा," असं बजावून. सहा तारांची गिटार मी वीसेक वर्षं वाजवतोय. त्यामुळे मनात सरळ हिशेब होता: तारा दुप्पट, आवाज दुप्पट, फार तर बोटं जरा जास्त दुखतील. पहिल्याच संध्याकाळी सुरात लावताना तिसऱ्या जोडीतली पातळ तार टण्णकन तुटली आणि मनगटावर लाल रेघ ओढून गेली. दुसरी आणली, ती चार दिवस टिकली. दुकानदार म्हणाला, "फार पातळ आहे हो ती, म्हणून तुटते. एक नंबर जाड घ्या." घेतली. तीही तुटली, आणि गंमत म्हणजे त्याच सुराच्या आसपास तुटली.

या तिसऱ्या तुटण्याने मला कामाला लावलं. जाड दोरखंड पातळ सुतळीपेक्षा जास्त वजन पेलतो हे शेंबडं पोरही सांगेल. मग गिटारच्या तारेला हा नियम का लागू होऊ नये?

आधी मांडणी पाहू. सहा तारांच्या गिटारवर जाडीकडून बारीककडे ई, ए, डी, जी, बी, ई अशा तारा असतात. सगळ्यात जाड ई सेकंदाला साधारण 82 वेळा थरथरते, सगळ्यात बारीक ई 330 वेळा. बारा तारांच्या गिटारवर या प्रत्येक तारेला शेजारीण मिळते, आणि दोघी इतक्या जवळ असतात की एकाच बोटाने एकदम दाबायच्या. डाव्या हाताच्या दृष्टीने गिटार सहाचीच राहते, कॉर्ड्स (एकदम छेडायचे स्वरसमूह) त्याच. शेवटच्या दोन जोड्यांत, म्हणजे बी आणि बारीक ईच्या जोड्यांत, दोन्ही तारा जुळ्या असतात. उरलेल्या चार जोड्यांत मात्र जाड तारेशेजारी एक सप्तक वर लावलेली पातळ तार असते. 'जी' स्वराची तार 196 वर, म्हणजे तिची शेजारीण 392 वर. बारीककडून मोजलं तर हीच तिसरी जोडी. बारीक ई तर 330 वर! म्हणजे या वाद्यातली सगळ्यात उंच स्वराची तार कडेला नसून मधोमध दडलेली आहे. जाडी जेमतेम 0.2 मिलिमीटर. माझं मनगट कापलं ते हिनेच.

तारेचा स्वर तीन गोष्टींवर ठरतो: लांबी, ताण आणि दर मीटरला असलेलं वजन. मारँ मेर्सेन या फ्रेंच धर्मगुरूने 1636 मध्येच हे नियम मांडले होते. लांबी इथे ठरलेली आहे, घोडीपासून (पेटीवर तारा टेकतात ती पट्टी) मानेच्या टोकाच्या पट्टीपर्यंत साधारण 65 सेंटिमीटर. आता तार जाड केली तर ती जड होते, आणि तोच स्वर मिळवायला ताण वाढवावा लागतो. छेदाचं क्षेत्रफळ दुप्पट केलं तर ताणही दुप्पट लागतो. तारेची ताकद दुप्पट झाली खरी, पण तिच्यावरचा बोजाही तेवढाच वाढला. दुकानदार जमेची बाजू तेवढी पाहत होता.

म्हणजे ठरावीक लांबीची साधी पोलादी तार ठरावीक स्वरापर्यंत ताणली, की दर चौरस मिलिमीटरवर पडणारा भार ठरून जातो, जाडी काहीही असो. 392 साठी हा भार निघतो सुमारे 207 किलो. बारीक ईला तो 146 किलोच्या आसपास असतो. इतक्या पातळ वाद्यतारेचं पोलाद साधारण 250 ते 300 किलोपर्यंत तग धरतं, पण ते सरळ ओढलं तर. खुंटीवर गुंडाळताना आणि घोडीवर वळताना तारेला जो बाक पडतो, तिथे ही उरलीसुरली सवड संपते. तार तुटते ती बहुतेक वेळा याच दोन जागी. माझ्या तिन्ही तारा घोडीपाशीच गेल्या.

मग उपाय काय? एक तर गिटारच आखूड करायची, नाहीतर सूर उतरवायचा. ताण वारंवारतेच्या वर्गाच्या प्रमाणात बदलतो, त्यामुळे सूर थोडा उतरवला तरी भार बराच हलका होतो. सगळ्या तारा एका पूर्ण स्वराने खाली लावल्या, म्हणजे ई ऐवजी डी, तर ताण जवळपास 20 टक्क्यांनी घटतो.

हे करायला दुसरंही कारण आहे. सहा पोलादी तारांची अकूस्टिक गिटार 70 ते 75 किलोंचा ताण सोसत असते. बारा तारांचा एकूण ताण 110 किलोच्या घरात जातो. तारा प्रत्येकी थोड्या पातळ घेतात म्हणून, नाहीतर दीडशेच्या आसपास गेला असता. एका पातळ लाकडी पेटीवर दीड माणसाचं वजन कायमचं लटकतंय असं समजा. मान हळूहळू पुढे वाकते, घोडीमागचं लाकूड पोट सुटल्यासारखं फुगतं. म्हणून बारा तारांच्या गिटारला आतून जास्त दणकट पट्ट्या ठोकलेल्या असतात. पण वरची फळी जितकी ताठ, तितकी ती हलायला आळशी. आवाज निघतो तो फळी हलण्यातूनच.

अमेरिकन लोकगायक लेड बेली बारा तारांची स्टेला गिटार वाजवायचा. जाड तारा, आणि सूर बराच खाली उतरवलेला. त्याच्या ध्वनिमुद्रणांत गिटारचा खालचा आवाज पियानोच्या डाव्या बाजूसारखा घुमतो. त्याने भौतिकशास्त्राशी तडजोड केली की त्याला तोच आवाज हवा होता, हा प्रश्न मला निरर्थक वाटतो. वाद्यांच्या बाबतीत बहुतेकदा दोन्ही एकच असतं.

आता माझ्या दुसऱ्या गैरसमजाकडे, दुप्पट आवाजाकडे. दोन तारा एकत्र वाजल्या की ध्वनीची शक्ती फार तर दुप्पट होते, म्हणजे 3 डेसिबलची वाढ. कानाला आवाज दुप्पट वाटायला साधारण 10 डेसिबल लागतात. म्हणजे मोठेपणासाठी हा सगळा खटाटोप असेल तर तो आतबट्ट्याचा व्यवहार आहे. मोठ्या आवाजाची साधी गिटार घ्यावी आणि मनगट वाचवावं.

पण एकदा तारा तगल्या आणि मी साधी डी कॉर्ड छेडली, तेव्हा जे ऐकू आलं ते वेगळंच होतं. पाण्यावर ऊन पडावं तसा स्वर लखलखत होता. आवाज स्थिर नव्हता, आत काहीतरी सतत हलत होतं. सहा तारांवर मी कितीही जोरात वाजवलं तरी हे कधी झालं नव्हतं.

याचं मूळ जुळ्या तारांच्या न जुळण्यात आहे. समजा ईच्या जोडीतली एक तार 330 वर आहे आणि दुसरी 330.5 वर. एवढा फरक क्लिप ट्यूनरच्या (गिटारला लावायचं सूर दाखवणारं छोटं यंत्र) खिजगणतीतही नसतो, दोन्ही वेळा तो हिरवा दिवा दाखवतो. पण दोन सेकंदांत एक तार दुसरीपेक्षा बरोबर एक कंप पुढे जाते. दोघी एका तालात असतात तेव्हा आवाज वाढतो, उलट्या तालात येतात तेव्हा दबतो. दर दोन सेकंदांनी एक हलकी लाट. याला बीट्स म्हणतात.

नुसतं एवढंच असतं तर स्वर झोक्यासारखा वरखाली झाला असता, आणि ते फारसं सुंदर नसतं. पण तार एकच स्वर कधीच देत नाही. मूळ स्वराबरोबर दुप्पट, तिप्पट, चौपट वारंवारतेचे उपस्वरही निघतात. मूळ स्वरांत अर्ध्याचा फरक असेल तर दुसऱ्या उपस्वरांत एकाचा, चौथ्यांत दोनाचा. म्हणजे एकाच जोडीत एक लाट दोन सेकंदांची, एक सेकंदाची, एक अर्ध्या सेकंदाची, अशा कितीतरी लाटा आपापल्या गतीने चालू असतात. तळ संथ आणि वरचा काठ चपळ. अशा सहा जोड्या, आणि प्रत्येक जोडीचा विसंवाद वेगळा. लखलखाट येतो तो इथून.

तानपुऱ्याशी ज्यांचा संबंध आला आहे त्यांना हे नवं वाटणार नाही. मधल्या दोन जोडाच्या तारा षड्जात लावताना मिरजेच्या कारागिरापासून क्लासमधल्या पोरापर्यंत सगळे याच लाटांकडे कान देऊन बसतात. लाट संथ होत होत जवळजवळ थांबते तिथे खुंटी सोडायची. तानपुऱ्यात जवारीमुळे, म्हणजे तार रुंद घोडीला हलकी घासत वाजते त्यामुळे, उपस्वर भरघोस निघतात आणि तारा एकेक करून छेडल्या जातात, गिटारवर एका फटक्यात. कान मात्र एकाच गोष्टीच्या मागे असतो.

जोडीच्या तारांबद्दल सगळ्यात मजेदार गोष्ट पियानोच्या अभ्यासातून कळली. पियानोत बहुतेक स्वरांना तीन-तीन तारा असतात. गॅब्रिएल वाइनराइख या अमेरिकेतल्या भौतिकशास्त्रज्ञाने 1977 मध्ये दाखवलं की या तारा घोडीमार्फत एकमेकींशी बोलत असतात. (हे गृहस्थ पुढे धर्मोपदेशक झाले. मेर्सेनचीच गादी म्हणायची.) दोन तारा एका तालात हलतात तेव्हा दोघी मिळून घोडीला एकाच दिशेने ढकलतात. आवाज मोठा येतो, पण शक्ती भराभर खर्च होते. उलट तालात आल्या की एकीचं ढकलणं दुसरी खोडून काढते, घोडी जवळजवळ स्तब्ध राहते आणि उरलेला स्वर हलका पण बराच वेळ रेंगाळतो. आधी ठसका, मग शेपूट. तारा किंचित बेसूर असल्या की त्या आपोआप एका तालातून उलट तालात सरकतात. बारा तारांच्या गिटारवरही दोन तारा एकाच घोडीवर टेकलेल्या असतात, तेव्हा तिथेही ही बोलणी होणारच. पियानो लावणारा चांगला कारागीर तारा तंतोतंत जुळवत नाही, असं का, याचं निदान अर्धं उत्तर यात आहे.

सप्तकाच्या जोडीचं गणित जरा निराळं. वरच्या तारेचा मूळ स्वर खालच्या तारेच्या दुसऱ्या उपस्वराशी जाऊन मिळतो, म्हणून कानाला दोन स्वर न ऐकू येता एकच उजळलेला स्वर ऐकू येतो. पण जाड तार ताठ असते आणि ताठपणामुळे तिचे उपस्वर हिशेबापेक्षा किंचित चढतात. त्यामुळे सप्तक कागदावर अचूक लावलं तरी थोडी लाट उरतेच.

या जोडीत कोणती तार आधी वाजते यानेही फरक पडतो. बहुतेक गिटारवर पातळ तार वादकाच्या चेहऱ्याच्या बाजूला असते, म्हणून पिक (तारा छेडायची छोटी चकती) खाली मारताना ती आधी वाजते आणि चमक पुढे येते. रिकनबॅकर कंपनीने हा क्रम उलटा केला: आधी जाड, मग पातळ. फेब्रुवारी 1964 मध्ये त्यांची अशी एक इलेक्ट्रिक गिटार जॉर्ज हॅरिसनच्या हातात पडली. त्याच वर्षी बीटल्सच्या 'अ हार्ड डेज नाइट' या गाण्याची सुरुवात तिच्यावरच्या एका कॉर्डने झाली, आणि त्या एका कॉर्डमध्ये नेमकं काय आहे यावर लोक चाळीस वर्षं वाद घालत होते. 2004 मध्ये कॅनडातले गणितज्ञ जेसन ब्राउन यांनी फूरिये पद्धतीने, म्हणजे आवाज सुट्या वारंवारतांमध्ये फोडणाऱ्या गणिताने, तिची चिरफाड केली. त्यात एकाच स्वराच्या अगदी जवळजवळच्या तीन वारंवारता सापडल्या. गिटारवर एका स्वराला तीन तारा कुठून येणार? पियानोत येतात. म्हणून आत पियानो लपलेला आहे, असा निष्कर्ष त्यांनी काढला. तारांच्या बारीक बेसूरपणानेच चुगली केली.

वाजवताना हा सगळा हिशेब बोटांना भरावा लागतो. तार पडद्यावर दाबली की ती जराशी ताणली जाते आणि स्वर चढतो. आधीच कचकचीत ताणलेली पातळ तार कमी चढते, शेजारची सैलसर जाड तार जास्त. म्हणून जोरात दाबलं की सप्तक बिघडतं. सहा तारांवर मी ज्या पकडीने वाजवत होतो ती इथे चक्क चुकीची निघाली. बोट पडद्याला अगदी खेटून, आणि दाब स्वर स्वच्छ येण्यापुरताच. ब्लूजसारखी तार ओढून स्वर चढवणं जुळ्या जोड्यांवर जमतं, पण जोर दुप्पट. सप्तकाच्या जोडीवर ओढलं की दोघी दोन वाटांना जातात. वेगवान एकल वादनापेक्षा सावकाश कॉर्ड्स आणि मोकळ्या तारा हे या वाद्याचं खरं घर आहे.

आणि सुरात लावणं! सप्तकाची जोडी एकत्र वाजली की ट्यूनर गोंधळतो, म्हणून एक तार बोटाने दाबून ठेवायची, दुसरी लावायची, मग उलट. योहान माटेझोन या जर्मन संगीतकाराने 1713 मध्ये ल्यूट हे जुनं युरोपीय तंतुवाद्य वाजवणाऱ्यांची थट्टा केली होती, की ऐंशी वर्षांच्या वादकाने त्यातली साठ वर्षं नक्की तारा लावण्यात घालवली असणार. ल्यूटलाही जोडतारा असत. त्या काळातल्या गिटारलाही असत, पाच जोड्या. 1800 च्या आसपास युरोपने त्या सोडून सहा सुट्या तारा घेतल्या, त्यामागे ही कटकट मोठी असावी असा माझा संशय आहे. पोर्तुगीजांनी मात्र जोड्या सोडल्या नाहीत. गोव्यात फादोची, म्हणजे पोर्तुगीज गाण्यांची, मैफल ऐकली असेल तर ती नासपतीच्या आकाराची गिटारा आठवा: तीही बारा तारांची, सहा जोड्यांची.

सध्या मित्राची गिटार एका स्वराने खाली लावलेली आहे. मूळ सुरात गायचं असेल तेव्हा दुसऱ्या पडद्यावर कॅपो (सगळ्या तारा एकदम दाबून धरणारा चिमटा) चढवतो, म्हणजे ताण कमीचा कमी राहतो आणि स्वर जागेवर येतो. तिसऱ्या जोडीतली पातळ तार पाच महिने झाले टिकून आहे. आता नवीच कुरबूर: कॅपोचं रबर शेजारच्या जाड तारेवर टेकतं आणि ही तिच्या सावलीत नीट दाबलीच जात नाही, मधमाशीसारखी भुणभुणते. रबराखाली सायकलच्या ट्यूबचा एक तुकडा सरकवून पाहिलाय.