सीए फाउंडेशनची नोंदणी: बारावीच्या निकालाची वाट का पाहू नये?

‘एकदा बारावीचा निकाल लागू दे, मग सीएचा फॉर्म भरू,’ असं बहुतेक घरांत ठरतं, आणि नेमकी तिथेच एक परीक्षा हातची जाते. सप्टेंबरमध्ये फाउंडेशनला, म्हणजे सीएच्या पहिल्या पातळीच्या परीक्षेला, बसायचं असेल तर नोंदणी १ मेपर्यंत झालेली लागते. महाराष्ट्र बोर्डाचा बारावीचा निकाल येतो साधारण मे महिन्यात. म्हणजे निकाल हातात घेऊन फॉर्म भरणाऱ्याला थेट जानेवारीच्या परीक्षेला बसावं लागतं.

हा कोर्स चालवते इन्स्टिट्यूट ऑफ चार्टर्ड अकाउंटंट्स ऑफ इंडिया, म्हणजेच आयसीएआय. १९४९च्या कायद्याने स्थापन झालेल्या या संस्थेची सध्याची अभ्यासयोजना १ जुलै २०२३पासून लागू आहे. फाउंडेशन परीक्षा वर्षातून तीनदा होते: जानेवारी, मे आणि सप्टेंबर. नोंदणीनंतर अभ्यासाला किमान ४ महिने मिळालेले हवेत असा नियम असल्यामुळे जानेवारीसाठी १ सप्टेंबर, मेसाठी १ जानेवारी आणि सप्टेंबरसाठी १ मे अशा शेवटच्या तारखा पडतात. मुदत कधीमधी वाढते, पण त्या भरवशावर राहू नये.

निकालाआधी नोंदणी करता येते का? येते. दहावी उत्तीर्ण असलेल्या कोणालाही तात्पुरती नोंदणी करता येते आणि बारावी पास झाल्यावर ती पक्की होते. शाखेची, टक्क्यांची किंवा वयाची अट नाही. विज्ञान किंवा कला शाखेची मुलंही पात्र आहेत. मात्र नोंदणी ४ वर्षंच चालते आणि तिचं नूतनीकरण होत नाही. त्यामुळे दहावी झाल्या झाल्या पैसे भरून टाकण्याची घाई नको. बारावीच्या वर्षात नोंदणी केली तरी पुरते.

अर्ज पूर्णपणे ऑनलाइन, संस्थेच्या सेल्फ सर्व्हिस पोर्टलवर भरायचा असतो. आधी मोबाइल आणि ईमेलवर ओटीपी घेऊन खातं उघडायचं. दोन्ही स्वतःचेच द्या. सायबर कॅफेवाल्याचा ईमेल टाकला की पुढे प्रत्येक कामात अडचण येते, कारण हेच खातं शेवटच्या परीक्षेपर्यंत वापरायचं असतं. नाव आणि जन्मतारीख दहावीच्या गुणपत्रिकेशी तंतोतंत जुळायला हवी. आपल्या बोर्डाच्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी छापलेलं असतं, तेव्हा पहिलं नाव, मधलं नाव आणि आडनाव कोणत्या रकान्यात जातंय हे नीट पाहून भरा.

कागदपत्रं फार नाहीत. जन्मतारखेच्या पुराव्यासाठी दहावीची गुणपत्रिका किंवा प्रमाणपत्र, बारावीचं प्रवेशपत्र (निकाल लागला असेल तर गुणपत्रिका), अलीकडचा रंगीत फोटो आणि सही. लागू असेल तर जातीचा किंवा दिव्यांगत्वाचा दाखला. प्रती साक्षांकित लागतात. सीए, राजपत्रित अधिकारी किंवा कॉलेजचे प्राचार्य यांपैकी कोणाचीही सही-शिक्का चालतो. सुट्ट्यांमध्ये प्राचार्य भेटत नाहीत, म्हणून हे काम परीक्षा सुरू होण्याआधीच उरका. शुल्क भरून अर्ज मंजूर झाला की नोंदणी क्रमांक मिळतो. महाराष्ट्र संस्थेच्या पश्चिम विभागात येतो, त्यामुळे आपल्याकडच्या क्रमांकाची सुरुवात डब्ल्यूआरओने होते.

नोंदणी झाली म्हणजे परीक्षेचा फॉर्म भरला गेला असं नाही. तो वेगळा असतो, त्याच्या तारखा वेगळ्या आणि शुल्कही वेगळं. परीक्षा केंद्र आणि माध्यम त्यातच निवडायचं. माध्यम इंग्रजी किंवा हिंदी. मराठीचा पर्याय नाही. मराठी माध्यमातून आलेल्यांनी याचा विचार आधीच करावा, कारण ४ पेपरांपैकी अकाउंटिंग आणि बिझनेस लॉज हे दोन लेखी आहेत आणि कायद्याच्या पेपरात भाषेचा कस लागतो. उरलेले दोन बहुपर्यायी प्रश्नांचे असून चुकीच्या उत्तराला पाव गुण कापला जातो. पास होण्यासाठी प्रत्येक पेपरात ४० आणि एकूण ४००पैकी २०० गुण लागतात.

पुरेसे गुण असलेल्या पदवीधरांना फाउंडेशन द्यावी लागत नाही. ठरलेले वाणिज्य विषय घेऊन पदवी किंवा पदव्युत्तर पदवी मिळवलेल्यांना ५५ टक्के, इतर शाखांच्या पदवीधरांना ६० टक्के असले की थेट इंटरमीजिएटला, म्हणजे दुसऱ्या पातळीला, नोंदणी करता येते. कंपनी सेक्रेटरी किंवा कॉस्ट अकाउंटंटची इंटर पातळी उत्तीर्ण असेल तरीही चालतं. पदवीच्या शेवटच्या वर्षात असतानाही तात्पुरती नोंदणी होते, आणि ती करून ठेवण्यात शहाणपण आहे: इंटरला अभ्यासाची अट ८ महिन्यांची आहे. सप्टेंबरची परीक्षा गाठायची तर १ जानेवारीच्या आत नाव नोंदवलेलं हवं.

फाउंडेशन उत्तीर्ण झाल्यावर इंटरसाठी पुन्हा स्वतंत्र नोंदणी करावी लागते. इंटरचे दोन्ही ग्रुप (विषयगट) आणि आयटी-ओरिएंटेशनचं प्रशिक्षण झालं की २ वर्षांची आर्टिकलशिप, म्हणजे सीएच्या हाताखालचं प्रत्यक्ष कामाचं प्रशिक्षण, सुरू होते. रुजू झाल्यापासून ३० दिवसांत तिच्या नोंदणीचा फॉर्म १०३ दाखल करायचा असतो. आर्टिकलशिप चालू असताना बी.कॉम. किंवा एम.कॉम. करणार असाल तर त्याची परवानगी फॉर्म ११२ भरून घ्यावी लागते, आणि कॉलेजची वेळ ऑफिसच्या वेळेत येता कामा नये. कॉलेजात प्रवेश घेतानाच वर्ग सकाळचे आहेत का, हे विचारून घ्या.