काष्ठ-आसंजक प्रयोगशाळेतील तंत्रज्ञ (बेळगाव सीमाभाग)

लाकडाला लाकूड जोडणाऱ्या आसंजकांची घडण, मिश्रण आणि परीक्षा ही या तंत्रज्ञाची कामे. बेळगाव-खानापूर-निपाणी पट्ट्यात जनावरांच्या हाडा-कातड्यापासून केलेल्या जुन्या गोंदाला सुतार ‘सरस’ म्हणतात, तर कानडीत चिकट द्रव्याला सरसकट ‘अंटु’ म्हणतात. प्रयोगशाळेत एवढे सैल नाव चालत नाही. युरिया-फॉर्मल्डिहाइड (यूएफ), फिनॉल-फॉर्मल्डिहाइड (पीएफ) आणि पांढरा पॉलिव्हिनाइल ॲसिटेट यांचे स्वभाव वेगळे, म्हणून त्यांच्या नोंदवह्याही वेगळ्या. कामासाठी रसायनशास्त्राची बी.एस्सी. किंवा डिप्लोमा पुरतो. प्लायवुडचे खास शिक्षण देणारी संस्था बंगळुरात १९६२ साली सुरू झाली.

रेझिन (गोंदाचे मूळ चिकट द्रव्य) घडवणे. तीन तोंडांचा फ्लास्क, ढवळणी, कंडेन्सर, थर्मामीटर आणि पाण्याची शेगडी एवढ्यावर यूएफची छोटी बॅच निघते. ३७ टक्क्यांचे ५०० ग्रॅम फॉर्मलिन (फॉर्मल्डिहाइडचे पाण्यातले द्रावण) घेतले तर त्यात १८५ ग्रॅम, म्हणजे ६.१६ मोल (रेणूंची संख्या मोजण्याचे एकक) फॉर्मल्डिहाइड असते. पहिल्या टप्प्यात एका मोल युरियाला दोन मोल फॉर्मल्डिहाइड ठेवायचे म्हणून १८५ ग्रॅम युरिया घालतात. शेवटी एका मोल युरियाला फॉर्मल्डिहाइडचे प्रमाण १.१ मोल हवे असेल तर एकूण ३३६ ग्रॅम युरिया लागतो, म्हणून उरलेला १५१ ग्रॅम नंतर घालायचा.

फॉर्मलिन मुळात आम्लधर्मी असते. आधी १० टक्के कॉस्टिक सोड्याने पीएच (आम्लतेचे माप) ८ च्या आसपास आणतात, मग युरिया. युरिया विरघळताना भांडे थंड होते आणि थोड्याच वेळात अभिक्रियेच्या उष्णतेने आपोआप तापू लागते. नवशिका थंडपणा पाहून शेगडी वाढवतो, मग तापमान ९०° च्या पुढे पळते. ९०° वर अर्धा तास ठेवून फॉर्मिक आम्लाने पीएच ४.८ ते ५ करतात. धोका या टप्प्यात आहे. आम्ल थेंबाथेंबाने घालावे, पीएच नमुना गार करूनच पाहावा आणि फ्लास्क सोडून चहाला जाऊ नये. दर काही मिनिटांनी एक थेंब पाण्यात टाकून पाहतात. थेंब विरघळून न जाता पांढरा ढग सोडू लागला की रेझिनच्या रेणूंच्या साखळ्या लांबल्या. लगेच कॉस्टिक घालून पीएच ८, मग दुसरा युरिया, मग गार करणे. पाच मिनिटे उशीर झाला तर फ्लास्कमध्ये दही लागते, आणि ते काढताना बहुधा काचही जाते.

युरिया तांत्रिक दर्जाचाच हवा. शेतीचा अनुदानित युरिया २०१५ पासून कडुनिंबाचा लेप देऊनच विकला जातो, आणि तो कारखान्यात वळवणे हा गुन्हा आहे. शिवाय लेपाचे तेल रेझिनमध्ये उतरते.

ऋतू आणि उंची. परीक्षा-पुस्तिका सपाटीवरच्या शहरांत लिहिल्या जातात. बेळगाव समुद्रसपाटीपासून सुमारे ७५० मीटरवर आहे, त्यामुळे इथे पाणी साडेसत्त्याण्णव अंशांच्या आसपासच उकळते. जेल-टाइम, म्हणजे रेझिन घट्ट होण्याचा वेळ, उकळत्या पाण्यात मोजला तर समुद्रकाठच्या प्रयोगशाळेपेक्षा जास्त येतो आणि हार्डनर (रेझिन घट्ट करणारे द्रव्य) कमी पडला असा चुकीचा निष्कर्ष निघतो. त्यावर उपाय म्हणजे ग्लिसरिनचे किंवा तेलाचे भांडे १००° वर धरून मोजणे, आणि वहीत ‘उकळते पाणी’ न लिहिता तापमान लिहिणे. ७२ तास उकळण्याच्या बीडब्ल्यूपी (उकळत्या पाण्यात टिकणाऱ्या प्लायवुडच्या) परीक्षेतही हाच अडीच अंशांचा फरक असतो. नमुना काठावर पास झाला तर तो तितकासा पास नसतो.

हिवाळ्यात पहाटेच्या गारठ्यात फॉर्मलिनच्या कॅनच्या तळाशी पांढरा गाळ बसतो. तो पॅराफॉर्मल्डिहाइड. वरचे निवळ द्रव तसेच वापरले तर मोल-प्रमाण बिघडते. कॅन कोमट करून, ढवळून आणि सल्फाइटच्या पद्धतीने टक्केवारी पुन्हा मोजूनच बॅच लावावी.

पावसाळ्यातली अडचण लाकडाची. हवेतली आर्द्रता ८५ टक्के असली की उघड्यावरच्या लाकडात १७-१८ टक्के ओल टिकते, तर गरम प्रेसच्या व्हिनीअरमध्ये (प्लायवुडच्या पातळ लाकडी थरात) ६ ते ८ टक्केच हवी. ओल जास्त राहिली तर प्रेस उघडताच वाफ फुटून थर फुगतात. त्याउलट एप्रिलच्या कोरड्या वाऱ्यात लावलेला गोंद प्रेसमध्ये जाण्याआधीच सुकतो. नमुने चाचणीआधी २७ ± २° आणि ६५ ± ५ टक्के आर्द्रतेत ठेवायचे हा भारतीय संकेत. इथल्या जुलैत तो पाळायचा तर बंद कपाट आणि आर्द्रतामापक लागतात, खिडकी उघडून भागत नाही.

चिकटवणे. १०० भाग यूएफ रेझिनला १० ते २० भाग मैदा आणि अर्धा ते एक भाग नवसागर. नवसागर मोकळ्या फॉर्मल्डिहाइडशी भिडून आम्ल सोडतो आणि त्याने रेझिन घट्ट होते. म्हणूनच कमी वासाच्या, कमी फॉर्मल्डिहाइडच्या रेझिनवर तो मंद चालतो. ३०० बाय ३०० मिलिमीटरच्या नमुन्याला चौरस मीटरमागे १८० ग्रॅमच्या हिशेबाने एका थराला १६.२ ग्रॅम गोंद पडतो. ब्रशला किती लागला ते वजा करायचे विसरले जाते, म्हणून फळी लावण्याआधी आणि नंतर तोलावी.

प्रेसचा दाब ही नेहमीची गफलत. लाकडावर चौरस सेंटीमीटरला १२ किलो दाब हवा, तर ९०० चौ. सेंमी.च्या फळीला १०,८०० किलो बल लागते. रॅमचा (प्रेस दाबणाऱ्या दट्ट्याचा) व्यास २० सेंमी. असेल तर त्याचे क्षेत्रफळ ३१४ चौ. सेंमी., म्हणजे दाबाचे घड्याळ ३४ वर हवे. घड्याळ १२ वर लावणाऱ्याचा गोंद दुबळा ठरतो आणि दोष फुकट रेझिनवर जातो.

तुटलेला सांधा वाचणे. किती किलोला तुटले यापेक्षा कसे तुटले हे जास्त बोलते. लाकडाचे तंतू उपटले असतील तर सांधा चांगला. गोंदाची चकचकीत काच दिसली तर तो दाबाआधीच सुकला. रेषा भुकटीसारखी, जवळजवळ रिकामी असेल तर गोंद पातळ होऊन लाकडात शिरला किंवा दाब अति झाला. सागाच्या तेलकट पृष्ठावर गोंद धरत नाही. ताजा रंधा किंवा पॉलिश पेपर मारून त्याच दिवशी चिकटवावे. ऐन (कानडीत मत्ती) जड आणि घट्ट असल्याने त्याची फळी व सागाची फळी एकाच सूत्रावर तपासणे व्यर्थ.

काजूचे तेल. खानापूर-चंदगडच्या काजूच्या टरफलातून निघणाऱ्या तेलातले कार्डॅनॉल पीएफमध्ये काही फिनॉलच्या जागी चालते. सीमाभागात संशोधनाला कच्चा माल हाताशी असलेला विषय तो हाच. पण पीएफपेक्षा ते मंद घट्ट होते, त्यामुळे प्रेसचा वेळ किंवा तापमान वाढवावे लागते. कच्चे तेल तापवताना कार्बन डायॉक्साइड सुटून फेस येतो, म्हणून भांडे अर्धेच भरावे. हे तेल बिब्ब्याच्या कुळातले आहे, कातडीवर फोड उठवते. फिनॉलचा डाग मात्र आधी बधिर करतो आणि दुखणे मागाहून येते, म्हणून तो दिसताच कपडे काढून भरपूर पाण्याने धुवावे. फॉर्मल्डिहाइडला २००४ मध्ये आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने मानवी कर्करोगकारकांत घातले. फ्युम हूडचा (विषारी वाफा बाहेर ओढणाऱ्या कपाटाचा) पंखा बंद असेल तर फॉर्मलिनचे झाकण उघडू नये.