लक्ष्मी विलास पाहण्याआधी: बडोद्याची चित्रे तीन छपरांखाली का?

रविवर्म्याची चित्रे पाहायची म्हणून बडोद्याला गेलात आणि नुसता लक्ष्मी विलास पॅलेस पाहून परतलात, तर त्यातली बरीचशी राहून जातील. बडोद्याची चित्रे तीन इमारतींत विभागलेली आहेत आणि त्यामागे इतिहास आहे.

1875 मध्ये मल्हारराव गायकवाड पदच्युत झाले. महाराणी जमनाबाईंनी नाशिक जिल्ह्यातल्या कवळाण्याचा बारा वर्षांचा गोपाळराव दत्तक घेतला. तेच तिसरे सयाजीराव. 1878 मध्ये राजवाड्याचे काम सुरू झाले. आराखडा मेजर चार्ल्स मँट यांचा. कोल्हापूरचा नवा राजवाडाही त्यांचाच, त्यामुळे तो पाहिलेल्याला इथले घुमट आणि मनोरे अनोळखी वाटत नाहीत. 1881 मध्ये मँट वारले. पुढचे काम रॉबर्ट चिझम यांनी हाती घेतले आणि 1890 मध्ये वाडा पूर्ण झाला.

हा वाडा ‘बकिंगहॅम पॅलेसच्या चौपट’ आहे असे सांगितले जाते, ते वाक्य मात्र सोडून द्यावे. त्यासाठी सांगितला जाणारा 3,04,92,000 चौरस फुटांचा आकडा 43,560 ने (एका एकरातले चौरस फूट) भागून पाहा: बरोबर 700 एकर. तो मूळच्या आवाराचा विस्तार आहे, इमारतीचा नव्हे.

रविवर्म्याला बडोद्यात आणले दिवाण सर टी. माधवराव यांनी. ते आधी त्रावणकोरचे दिवाण होते, चित्रकार तिथलाच. 1881 मध्ये सयाजीरावांनी राज्याधिकार हाती घेतले, त्या निमित्ताने व्यक्तिचित्रे झाली. खरे मोठे काम आले 1888 मध्ये: नव्या वाड्यासाठी रामायण-महाभारतातल्या प्रसंगांची चौदा तैलचित्रे, मोबदला 50,000 रुपये. पौराणिक स्त्रियांना कोणता वेश द्यावा हा प्रश्न होता. रविवर्मा आणि त्याचा भाऊ राजराजवर्मा यांनी त्यासाठी उत्तर भारत पालथा घातला आणि अखेर साडी पक्की झाली. आपल्या डोळ्यांपुढे दमयंती साडीतच उभी राहते, ती त्या निर्णयामुळे. चित्रे वाड्यात लागण्याआधी लोकांसाठी मांडली गेली, तेव्हा ती पाहायला झुंबड उडाली. 1894 मध्ये मुंबईत रविवर्म्याचा छापखाना निघाला, त्याला ही लोकप्रियता कारण.

आज या संग्रहासाठी जायचे ते महाराजा फत्तेसिंह म्युझियममध्ये. ते राजवाड्याच्याच आवारात आहे, पण इमारत निराळी (मूळची राजपुत्रांची शाळा) आणि तिकीटही निराळे. 1961 मध्ये ते खुले झाले. वाड्यात राजघराणे अजूनही राहते, म्हणून ठरावीक दालनेच दाखवतात. दरबार हॉलची व्हेनेशियन मोझेकची फरशी त्यांतच येते. सोमवारी बंद. तिसरे ठिकाण सयाजीबागेतले सरकारी संग्रहालय. त्याची चित्रशाळा 1914 मध्ये बांधून झाली, पण पहिल्या महायुद्धामुळे युरोपातली चित्रे अडकली आणि दारे उघडायला 1921 उजाडले. युरोपीय तैलचित्रे पाहायची ती तिथे.

पाहताना एक सवय मोडावी लागते. ही चित्रे आपण जन्मभर कॅलेंडरवर आणि देवघरात पाहिलेली असतात, म्हणून ओळख पटताच पाय पुढे पडतो. छापील ओलिओग्राफमध्ये (दगडावरून छापलेल्या तैलचित्राच्या रंगीत प्रतीत) प्रत्येक रंगाला वेगळा दगड लागे. दगड केसभर सरकला तरी कडेला दुहेरी रेघ उमटे, आणि कातडीवरच्या बारीक छटा सपाट होत. मूळ तैलचित्रासमोर थोडे तिरके उभे राहा. समोरून दिव्याची चकाकी आड येते. बाजूने पाहिले की दागिन्यांवर आणि जरीच्या काठावर रंगाचे उठलेले थर दिसतात.