विरघळणारा टाका आणि कारखान्यातली उष्णता

१९७० पर्यंत शरीरात विरघळणारा टाका म्हणजे कॅटगट. हा धागा मेंढीच्या किंवा गुराच्या आतड्यापासून बनायचा. शरीरातली विकरे तो पचवत, त्यामुळे कुणाच्या जखमेत तो किती दिवस टिकेल याचा भरवसा नसे. मग पॉलीग्लायकोलिक आम्ल या कृत्रिम पदार्थाचा ‘डेक्सॉन’ धागा आला आणि १९७४ च्या सुमारास ९० भाग ग्लायकोलाइड व १० भाग लॅक्टाइड असलेला ‘व्हिक्रिल’. यांचे रेणू लांब साखळ्यांसारखे असतात आणि साखळीचे दुवे जोडणारे एस्टर बंध पाण्यानेच तुटतात. म्हणून टाका किती टिकणार, हे बरंचसं कारखान्यातच ठरू लागलं.

धागा बनवताना आधी या पदार्थाचे दाणे कडक वाळवावे लागतात. ओल राहिली तर वितळतानाच साखळ्या तुटतात. वितळलेला रस बारीक छिद्रांतून काढून गार करतात आणि तंतू मूळ लांबीच्या काही पट ताणतात. त्यानंतर ॲनीलिंग, म्हणजे तंतू न वितळवता तापवून ठेवणं. पॉलीग्लायकोलिक आम्ल ३५ ते ४० अंश सेल्सिअसच्या पुढे मऊ होऊ लागतं आणि २२५ च्या आसपास वितळतं. या दोन टोकांच्या मध्ये, निर्वातात किंवा कोरड्या नायट्रोजनमध्ये तंतू काही तास ठेवतात. साखळ्या नीट रचून बसतात, असा नीट रचलेला, म्हणजे स्फटिकी, भाग वाढतो आणि साखळीत न जोडलं गेलेलं, उरलेलं ग्लायकोलाइड उडून जातं. ते राहिलं तर पाण्याशी मिळून आम्ल होतं आणि धागा लवकर तुटतो.

तंतू दोन्ही टोकांना धरून तापवला की सैल, यावर खूप काही अवलंबून असतं. सैल तंतू आकसतो आणि ताणून साखळ्यांना मिळालेली एकच दिशा गमावतो. स्फटिकीपणाचा आकडा चांगला दिसतो, पण ताकद सुरुवातीलाच घटलेली असते. हवेत ओल असेल तर साखळ्या तुटून आम्लधर्मी टोकं वाढतात आणि ॲनीलिंगचा परिणाम उलटा होतो.

१९८० च्या दशकात कॉर्नेल विद्यापीठात सी. सी. चू यांनी पॉलीग्लायकोलिक टाक्यांचं विघटन तपासून ते दोन टप्प्यांत होतं असं मांडलं. पाणी आधी स्फटिकांच्या मधल्या विस्कळीत भागात शिरतं. स्फटिकांना जोडणाऱ्या, भार पेलणाऱ्या साखळ्या तिथेच असतात. त्या तुटल्या की धाग्याची ताकद जाते, पण वजन फारसं कमी होत नाही. उलट तुटलेले तुकडे मोकळे होऊन नव्याने रचले जातात आणि पहिले सुमारे तीन आठवडे स्फटिकीपणा वाढतच राहतो. स्फटिक पुढच्या टप्प्यात झिजतात. म्हणूनच केवळ वजन मोजून ॲनीलिंगचा परिणाम जोखणं चूक आहे. ३७ अंशांच्या फॉस्फेट बफरमध्ये, म्हणजे सामू (पीएच) ७.४ वर स्थिर राखणाऱ्या द्रावणात, धागे ठेवून दर आठवड्याला ओढ-ताकद मोजायला हवी.

निर्जंतुकीकरणाची उष्णता हा वेगळा विषय. १२१ अंशांची वाफ या धाग्यांना चालत नाही, कारण तिथे उष्णता आणि पाणी एकत्र येतात. म्हणून इथिलीन ऑक्साइड वायू वापरतात आणि मग कोरडा धागा ओल न शिरणाऱ्या पाकिटात सीलबंद करतात.

पॉली-एल-लॅक्टिक आम्ल या शरीरात विरघळणाऱ्या दुसऱ्या पदार्थात स्फटिकीपणाची दुसरी बाजू दिसते. हाडं जोडण्याच्या त्याच्या पट्ट्या आणि स्क्रू बसवलेल्या रुग्णांत काही वर्षांनंतर सूज आल्याचं नेदरलँड्समधल्या जे. ई. बर्ग्स्मा आणि सहकाऱ्यांनी १९९५ मध्ये नोंदवलं. बसवल्यानंतर ५.७ वर्षांनीही स्फटिकी अवशेष ऊतींत शिल्लक होते. त्यामुळे या आम्लाच्या तंतूंत स्फटिकीपणा वाढवताना ताकद किती टिकेल याच्या जोडीला शेवटचा तुकडा कधी संपेल, हेही आधीच तपासावं लागतं.