थोर रॅपर कोण, हे ठरवायचे कशावर? एका जुन्या वादाची पार्श्वभूमी

फेब्रुवारी २०२३ मध्ये 'बिलबोर्ड' आणि 'व्हाइब' या अमेरिकी प्रकाशनांनी आजवरच्या पन्नास सर्वश्रेष्ठ रॅपरांची यादी जाहीर केली. तीत जे-झी पहिला, केंड्रिक लामार दुसरा, नास तिसरा, टुपाक शकूर चौथा आणि एमिनेम पाचवा होता. अशी यादी आली की भांडणे ठरलेलीच. पण या वेळी त्यात उतरलेला माणूस साधासुधा नव्हता. साठी ओलांडलेला मेली मेल हा रॅपच्या पहिल्या पिढीचा मानकरी. एमिनेमची कुवत आणि त्याचा खप मान्य करूनही, तो गोरा नसता तर पहिल्या पाचांत आला असता का, असा सवाल त्याने एका मुलाखतीत केला. एमिनेमने त्याच वर्षी एका गाण्यातून त्याचा समाचार घेतला, मेली मेलने उत्तरादाखल स्वतःचे गाणे काढले आणि काही दिवसांतच त्याबद्दल दिलगिरीही व्यक्त केली. बाहेरून पाहणाऱ्याला हा पोरखेळ वाटेल. रॅपच्या जगात मात्र 'सर्वांत थोर कोण' हा प्रश्न रसिकांनी किंवा समीक्षकांनी मागाहून चिकटवलेला नाही. तो या कलेच्या जन्मापासून तिच्या अंगात आहे, आणि दर पिढीत त्याचे उत्तर बदलत गेले ते मुख्यतः मोजायची पट्टीच बदलत गेल्यामुळे.

रॅप ज्या संस्कृतीचा भाग आहे त्या हिप-हॉपचा आरंभ म्हणून ११ ऑगस्ट १९७३ ही तारीख सांगितली जाते. त्या रात्री न्यूयॉर्कच्या ब्राँक्स भागात, १५२० सेजविक अ‍ॅव्हेन्यू या इमारतीत, जमैकातून आलेल्या कूल हर्क या डीजेने आपल्या बहिणीच्या पार्टीत तबकड्या वाजवल्या. तेव्हा मान डीजेचा होता. त्याच्या शेजारी माइक घेऊन उभा राहणारा कोक ला रॉक ओळखीच्यांची नावे पुकारी, चार शब्द जुळवी, नाचणाऱ्यांना चेव आणी. पुढे ज्याला एमसी म्हणू लागले त्याचे काम सुरुवातीला एवढेच होते. ग्रँडमास्टर फ्लॅशभोवती जमलेल्या फ्युरियस फाइव्ह या मंडळीने, आणि त्यातही मेली मेलने, या पुकाऱ्याला सलग यमकबद्ध पद्याचे रूप दिले. यमके जुळवून एकमेकांना टोमणे मारण्याची आणि भर चौकात जीभ परजण्याची आफ्रिकन-अमेरिकन वस्त्यांतली रीत याहून कितीतरी जुनी होती. आपल्याकडे कलगी आणि तुरा हे पक्ष रात्रभर सवाल-जवाबांनी एकमेकांना अडवत, आणि कोण वरचढ ठरले हे समोर बसलेली मंडळीच ठरवत. तिथलाही निवाडा जमावाच्याच हाती होता.

तरी उत्तम रॅपर म्हणजे काय, याबद्दलची पहिली खरी फूट नेमकी कुठे पडली ते दाखवता येते. स्थळ हार्लेम वर्ल्ड हा क्लब, काळ डिसेंबर १९८१. बिझी बी हा त्या काळचा हुकमी एमसी होता. तो गर्दीला हसवी, तिच्याकडून ओळी वदवून घेई, निरर्थक पण ठेक्यात चपखल बसणारे बोल फेकून सभागृह डोक्यावर घेई. त्या रात्री त्याने आपल्याला तोड नसल्याची फुशारकी मारली. तेव्हा ट्रेचरस थ्री या गटाचा कूल मो डी मंचावर आला आणि त्याने बिझी बीच्या त्या निरर्थक बोलांचीच खिल्ली उडवली, त्याच्या ओळी उसन्या असल्याचा आरोप केला, आणि हे सगळे घट्ट बांधलेल्या, अर्थवाही यमकांत ऐकवले. लोक प्रथम हसले, मग ओरडू लागले. त्या चढाओढीच्या कॅसेटी शहरभर हातोहात फिरल्या. त्या रात्रीपासून गर्दी खेळवणारा आणि शब्द घडवणारा असे दोन वेगळे एमसी लोकांना दिसू लागले, आणि मान दुसऱ्याकडे सरकला. बिझी बीवर यात थोडा अन्याय झाला असे मला वाटते. भर गर्दी मुठीत ठेवणे हेही कसबच आहे. पण ते कागदावर उतरत नाही, आणि जे उतरत नाही ते पुढच्या याद्यांतून गळते.

तोवर रॅपच्या तबकड्या निघू लागल्या होत्या. १९७९ साली शुगरहिल गँगचे 'रॅपर्स डिलाइट' देशभर गाजले; पण त्यातल्या बिग बँक हँकने म्हटलेल्या ओळी मुळात ग्रँडमास्टर कॅझच्या वहीतल्या होत्या आणि कॅझचे टोपणनावसुद्धा त्यांत तसेच राहून गेले होते. स्वतःचे शब्द स्वतः लिहिणे हा रॅपरच्या लौकिकाचा कणा का मानला जातो, त्याचे एक मूळ या प्रकरणात आहे. नंतर १९८२ मध्ये 'द मेसेज' आले. पडझड झालेली वस्ती, बेकारी, तुरुंग यांचे त्यातले चित्रण, आणि विशेषतः मेली मेलचे शेवटचे कडवे, यांमुळे रॅपमध्ये नाचापलीकडचे काही सांगता येते हे सिद्ध झाले. अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसने राष्ट्रीय ध्वनिमुद्रण-संग्रहासाठी २००२ मध्ये पहिली निवड केली, तेव्हा हिप-हॉपमधून हेच गाणे घेतले गेले. मेली मेल आपल्या वारशाबद्दल हळवा असेल तर त्याला असा आधार आहे.

हार्लेम वर्ल्डच्या विजेत्याने पुढे एक गमतीदार गोष्ट केली. १९८७ च्या आपल्या अल्बमबरोबर कूल मो डीने चक्क एक प्रगतिपुस्तक दिले. शब्दसंपदा, उच्चार, आवाज, मंचावरचा वावर अशा विषयांत त्याने समकालीन रॅपरांना गुण दिले आणि स्वतःला अर्थातच वरच्या श्रेणीत बसवले. थट्टेचा भाग सोडला तरी या कागदाचे महत्त्व आहे. रॅपरचे कसब सुट्या सुट्या अंगांनी तपासता येते, ही कल्पना त्यात पहिल्यांदा ठसठशीतपणे छापली गेली.

पण त्याच वर्षी 'पेड इन फुल' हा एरिक बी आणि रकीम यांचा अल्बम आला आणि त्या प्रगतिपुस्तकातले विषयच अपुरे पडले. तोवरचा बहुतेक रॅप ओळीच्या शेवटी यमक जुळवी, आवाज चढा ठेवी आणि ठेक्यावर सरळ पावले टाकी. लाँग आयलंडवर वाढलेला, सॅक्सोफोन वाजवलेला, जॉन कोल्ट्रेनचे जॅझ कानांत मुरवलेला रकीम मात्र जवळजवळ बोलल्यासारखा, न ओरडता म्हणे. त्याची यमके ओळीच्या पोटात येत; दोन-तीन अक्षरांचे गट एकमेकांशी जुळत; वाक्य ओळीच्या शेवटी न थांबता पुढच्या ओळीत उतरे, आणि कान जिथे यमकाची वाट पाहतो तिथे तो एखादी मात्रा रिकामी सोडी. चार बार, म्हणजे ठेक्याची चार आवर्तने, आलेखासारखे डोळ्यांपुढे ठेवून, एकही जादा अक्षर मावणार नाही इथपर्यंत आपण त्यांत शब्द बसवतो, असे त्याने स्वतः सांगितले आहे. बिग डॅडी केन आणि कूल जी रॅप हेही याच सुमारास त्याच दिशेने जात होते. तरी विभाजक रेषा रकीमच्या नावानेच ओढली जाते, आणि ते रास्त आहे. नास, जे-झी, एमिनेम यांच्या ओळी उकलून पाहिल्या की ही बांधणी सापडते. रकीमचा खप पुढच्या पिढीच्या तुलनेत फार नव्हता आणि त्याचे अल्बमही मोजकेच आहेत. ज्याच्या ऋणातून पुढच्यांना सुटता येत नाही तो थोर, हे माप लावले तर तो सर्वांच्या वर जातो.

१९९४ ने अल्बमला थोरवी मोजायचे एकक बनवले. एप्रिलमध्ये आलेल्या नासच्या 'इल्मॅटिक'मध्ये दहा तुकडे आणि चाळीस मिनिटांहून कमी ऐवज आहे. क्वीन्सब्रिजच्या सरकारी वसाहतीचे बारकावे त्यात विशीच्या पोराने टिपले होते, आणि 'द सोर्स' मासिकाने त्याला पाचपैकी पाच माइक, म्हणजे पैकीच्या पैकी गुण, दिले. खप मात्र संथ होता. दहा लाख प्रतींच्या खपाची पावती मिळायला २००१ उजाडले. सप्टेंबरात बिगी या न्यूयॉर्कच्याच रॅपरचा 'रेडी टू डाय' आला. त्याची खुबी निराळी होती. अवघड रचना तो इतक्या सहज म्हणे की अवघडपणा लपून जाई, आणि कथा सांगताना पात्रांचे आवाज बदलत. मग १३ सप्टेंबर १९९६ रोजी टुपाक आणि ९ मार्च १९९७ रोजी बिगी, दोघेही गोळीबाराला बळी पडले. एक पंचविशीचा, दुसरा चोविशीचा. या दोन मृत्यूंनी तुलनेचा तोल कायमचा बिघडवला. गेलेल्यांचे पडते अल्बम कधी निघाले नाहीत, आणि जिवंतांना दर वर्षी नव्याने परीक्षा द्यावी लागली. टुपाकच्या बाबतीत तर कसब आणि प्रभाव यांची फारकत स्पष्ट दिसते: त्याच्याहून गुंतागुंतीची रचना करणारे त्याच्याच काळात अनेक होते, त्याच्याइतके खोलवर पोहोचलेले क्वचितच.

हा सगळा हिशेब न्यूयॉर्कच्या कानाने मांडला जात होता, हेही विसरून चालणार नाही. ऑगस्ट १९९५ मध्ये 'द सोर्स'च्या पुरस्कार सोहळ्यात दक्षिणेतल्या अटलांटाच्या आउटकास्ट या जोडीला पुरस्कार जाहीर झाला तेव्हा सभागृहाने हुर्यो उडवली. त्या जोडीतल्या आंद्रे ३००० ने माइकवर दक्षिणेलाही काही सांगायचे आहे एवढेच ठणकावले, आणि पुढच्या दशकभरात रॅपचा गुरुत्वमध्य खरोखरच दक्षिणेकडे सरकला. स्त्रियांची नोंद याहून तोकडी राहिली. १९८४ मध्ये चौदा वर्षांच्या रॉक्सॅन शांतेने एका उत्तरगीताने गाण्यांच्या भांडणाची मालिकाच सुरू करून दिली. लॉरिन हिलच्या १९९८ च्या अल्बमला वर्षातील सर्वोत्तम अल्बमचा ग्रॅमी मिळाला, पण एकच स्टुडिओ अल्बम म्हणून याद्यांत तिचे पारडे हलके धरले जाते.

कूल मो डी २००३ मध्ये पुन्हा परीक्षकाच्या खुर्चीत बसला. पन्नास थोर एमसींवरच्या त्याच्या पुस्तकात मौलिकता, फ्लो (ठेक्यावर शब्द वाहवण्याची लकब), आशय, मंचीय सादरीकरण, चढाओढीतले कौशल्य, सामाजिक परिणाम, टिकाऊपणा अशा सतरा निकषांवर गुण दिलेले आहेत. पहिला क्रमांक मेली मेलला आणि पाचवा स्वतःला. तीनच वर्षांनी एमटीव्हीने केलेल्या पहिल्या दहांच्या यादीत जे-झी, टुपाक, बिगी, रकीम आणि नास हे पहिले पाच होते, आणि मेली मेलचे नाव दहांतही नव्हते. एकाने मंच पाहून गुण दिले होते, दुसऱ्यांनी अल्बम ऐकून. २०१४ मध्ये मॅट डॅनियल्स या अभ्यासकाने आणखी तटस्थ मार्ग शोधला. प्रत्येक रॅपरच्या पहिल्या ३५,००० शब्दांत वेगवेगळे शब्द किती, ते त्याने मोजले. एसॉप रॉक ७,३९२ शब्दांसह सर्वांत वर आला आणि डीएमएक्स ३,२१४ शब्दांसह तळाशी गेला. मोजणी चोख होती. पण डीएमएक्स ज्याने एकदा ऐकला आहे, त्याला त्याचा घोगरा, भुंकल्यासारखा आवाज आणि मधूनच सुरू होणारी प्रार्थना कोणत्या रकान्यात भरायची, हे त्या तक्त्यात सापडणार नाही.

स्वतः लिहिण्याचा जुना नियमही एव्हाना गुंतागुंतीचा झाला होता. बिगी, जे-झी आणि लिल वेन कागदाला हात न लावता मनातच रचना करण्यासाठी ख्यात झाले. उलट डॉ. ड्रेच्या १९९९ च्या गाजलेल्या गाण्याचे शब्द जे-झीचे होते हे सर्वांना ठाऊक असूनही ड्रेचे काही बिघडले नाही, कारण त्याची गणना मुख्यतः निर्मात्यांत होते. २०१५ मध्ये ड्रेक दुसऱ्याकडून ओळी लिहून घेतो असा आरोप मीक मिल या रॅपरने केला तेव्हा मात्र रान पेटले. ड्रेकचे गाण्यांच्या तक्त्यांवरचे विक्रम निर्विवाद आहेत. त्याच्या नावापुढे प्रश्नचिन्ह राहिले ते कॅझच्या वहीपासून चालत आलेल्या याच नियमामुळे.

वयाचा प्रश्न तर पूर्वी उद्भवतच नव्हता, कारण रॅप हा पोरसवदा मुलांचा खेळ समजला जाई. नासला पहिला ग्रॅमी २०२१ मध्ये, सत्तेचाळिसाव्या वर्षी मिळाला, आणि हिट-बॉय या निर्मात्याबरोबर त्याने २०२० ते २०२३ या काळात सहा अल्बम केले. त्याचा वारसा मुंबईपर्यंतही पोहोचला आहे. डिव्हाइन आणि नेझी यांच्यापासून प्रेरणा घेतलेल्या 'गली बॉय' या २०१९ च्या चित्रपटाचा तो कार्यकारी निर्माता होता, आणि त्याच्या मास अपील कंपनीची भारतीय शाखा त्याच वर्षी सुरू झाली तेव्हा अंधेरीचा डिव्हाइन तिचा पहिला कलाकार ठरला.

पिढ्यांची ही तुलना उघडपणे अंगावर घेतली ती केंड्रिक लामारने. ऑगस्ट २०१३ मध्ये बिग शॉनच्या एका गाण्यात त्याने जे-झी, नास, एमिनेम आणि आंद्रे ३००० या ज्येष्ठांच्या पंक्तीत स्वतःचे पान मांडले आणि ड्रेकसह आपल्या समवयस्कांना नावे घेऊन आव्हान दिले. २०१८ मध्ये त्याच्या 'डॅम' या अल्बमला पुलित्झर मिळाले. अभिजात संगीत आणि जॅझ यांच्या बाहेर ते पहिल्यांदाच गेले होते. तरीही चाहत्यांच्या लेखी त्याचे आसन पक्के झाले ते पुलित्झरने नव्हे, तर २०२४ च्या वसंतात ड्रेकशी झालेल्या उघड चढाओढीने. 'नॉट लाइक अस' या त्यातल्या गाण्याला फेब्रुवारी २०२५ मध्ये पाच ग्रॅमी मिळाले आणि त्याच महिन्यात केंड्रिकने ते सुपर बोलच्या, म्हणजे अमेरिकन फुटबॉलच्या अंतिम सामन्याच्या, मध्यंतरात म्हटले. त्यातल्या आरोपांनी आपली बदनामी झाली असे म्हणत ड्रेकने केंड्रिकवर नव्हे, तर दोघांच्याही गाण्यांचा व्यवहार पाहणाऱ्या युनिव्हर्सल म्युझिक या कंपनीवर दावा लावला. न्यूयॉर्कच्या संघीय न्यायालयाने ऑक्टोबर २०२५ मध्ये तो फेटाळताना म्हटले, की तापलेल्या रॅप-चढाओढीत ऐकवलेले शब्द हे वस्तुस्थितीचे कथन आहे, असे समंजस श्रोता धरून चालत नाही.