हसिदी पंथ

यहुदी धर्मातील भक्तिप्रधान पंथ. हिब्रूत ‘हसिद’ म्हणजे भाविक. अठराव्या शतकात पोडोलिया प्रांतात (आजचे युक्रेन) तो उदयास आला. १६४८ च्या कोसॅक उठावातील कत्तलींनी तिथला यहुदी समाज खचला होता. पुढे मसीहा (देवाने पाठवलेला तारणहार) म्हणून डोक्यावर घेतलेल्या शब्बताई झ्वीनेही १६६६ मध्ये इस्लाम स्वीकारला. धर्मात मान उरला होता तो तल्मुद या धर्मशास्त्रग्रंथाच्या पंडितांना.

प्रवर्तक इझरायल बेन एलिएझर ऊर्फ बाल शेम टोव्ह (मृत्यू १७६०) हे मेझिबोझ गावचे. ताईत देऊन रोग बरे करणारे म्हणून ख्यात. देव नाही अशी जागाच नाही, म्हणून मन त्याला जडलेले असेल तर जेवणखाण आणि नाचगाणेही उपासनाच, ही त्यांची शिकवण. या जडण्याला ‘देवेकुत’ म्हणतात. खिन्नता हा त्यात मोठा अडसर.

शिष्य डोव्ह बेर यांच्या अनुयायांनी पंथ पसरवला. व्हिल्नाचे (आजचे लिथुआनियातील व्हिल्नियस) प्रकांड पंडित एलिया यांच्या पुढाकाराने १७७२ मध्ये हसिदींवर बहिष्कार पडला. तक्रारी तत्त्वाच्या होत्या तशा सुरीच्याही: हसिदी खाटकाची सुरी वेगळी, म्हणजे मांस वेगळे, म्हणजे पंगतही वेगळी. श्नेउर झाल्मान यांनी ‘तान्या’ (१७९६) या ग्रंथात भक्तीला बुद्धीची बैठक दिली. त्यांची शाखा ती हबाद.

देव सर्वांना सारखाच जवळ, असे म्हणणाऱ्या पंथात भक्त आणि देव यांच्यामध्ये ‘त्सद्दिक’ अर्थात रेब्बे हा गुरू उभा राहिला, ही खरी गंमत. भक्त स्वतःचे व आईचे नाव लिहून गाऱ्हाण्याची चिठ्ठी त्याला देतात. शब्बाथला (शनिवारच्या पवित्र विश्रांतीदिनी) त्याच्या मेजाभोवती दाटीवाटीने उभे राहून शब्दांविना सुरावटी गातात आणि त्याने घासभर खाऊन पुढे सरकवलेल्या ताटातल्या उष्ट्यासाठी हात पुढे करतात. हे उष्टे, ‘शिरायिम’, प्रसादासारखेच मानले जाते. गादी बहुधा वंशपरंपरेने चालते. ब्रेस्लाव्हचे नाखमान (१७७२–१८१०) यांच्या गादीवर मात्र कोणी बसलेच नाही. त्यांच्या अनुयायांना इतर ‘मेलेले हसिद’ म्हणून चिडवत.

नाझी नरसंहारात पूर्व युरोपातील हसिदी केंद्रे नष्ट झाली. वाचलेल्यांनी न्यूयॉर्कचे ब्रुकलिन, जेरुसलेम, इस्रायलमधील ब्नेई ब्राक इथे घरे, यिडिश भाषा आणि गावांची नावेही पुन्हा वसवली: सात्मार या शाखेचे नाव आजच्या रुमानियातल्या शहराचे.

कोकणातील बेने इस्रायल या यहुदी समाजाच्या परंपरेचा या पंथाशी संबंध नाही. २६ नोव्हेंबर २००८ रोजी हल्ला झालेले कुलाब्याचे नरिमन हाउस हे मात्र हबादचे केंद्र. तिथले रब्बी गॅव्रिएल होल्ट्झबर्ग आणि त्यांच्या पत्नी रिव्का त्या हल्ल्यात मारले गेले.